पत्रा दोन इंच उतरला तेव्हा

स्क्वॉशचा चेंडू पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तो बिघडलेला वाटतो. काळा, पोकळ रबराचा, व्यास जेमतेम ४ सेंटिमीटर, वजन २४ ग्रॅमच्या आसपास. जमिनीवर टाकला तर उसळायचं नावच घेत नाही. आणि नियमही तेवढीच अपेक्षा ठेवतो: १०० इंचांवरून सोडलेला गार चेंडू १२ इंच उसळला तरी पास. म्हणून सामन्याआधी खेळाडू त्याला भिंतीवर बडव बडव बडवतात. प्रत्येक फटक्याला रबर चेपतं, परत फुगतं, त्यात वाया गेलेली ऊर्जा उष्णता होऊन चेंडूतच राहते आणि आतल्या हवेचा दाब चढतो. ४५ अंश सेल्सिअसला तोच चेंडू २६ ते ३३ इंच उसळला पाहिजे. मध्येच कोणी घाम पुसत फार वेळ काढला, की स्वारी पुन्हा मंदावते.

म्हणजे पुरता तापूनही उसळी फार तर एक तृतीयांश! या खेळातली सगळी क्रूरता इथून सुरू होते. टेनिसमध्ये चेंडू तुमच्याकडे येतो. इथे तो मरायच्या आत तुम्हाला त्याच्यापर्यंत पोचावं लागतं.

समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची एक पट्टी असते. तिला टिन म्हणतात. चेंडू तिला लागला की स्टीलचं ताट फरशीवर पडावं तसा खणखणाट होतो आणि गुण समोरच्याला जातो. टिनच्या वरून निसटता जाणारा हळुवार फटका म्हणजे ड्रॉप. पुरुष व्यावसायिकांसाठी टिनची उंची बरीच वर्षं १७ इंच होती, बायकांसाठी १९. २०१५ च्या सुरुवातीला बायकांची व्यावसायिक संघटना पुरुषांच्या संघटनेत विलीन झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून बायकांचा टिनही १७ वर आला.

दोन इंच म्हणजे काय? बोटाची दोन पेरं. पण चेंडू भिंतीला जितका खाली लागेल, तितका तो भिंतीच्या जवळ पडतो आणि लवकर संपतो. कोर्टाच्या मध्यावर, ज्याला टी म्हणतात तिथे उभ्या असलेल्या खेळाडूपासून पुढची भिंत साधारण साडेपाच मीटरवर आहे. उंच टिनवर ड्रॉप थोडा वर लागायचा, थोडा पुढे यायचा आणि चपळ खेळाडू धावत येऊन तो उचलायची. टिन उतरला आणि ती सवलत गेली. धोका पत्करून पुढच्या कोपऱ्यात चेंडू मारणाऱ्यांचे दिवस आले.

उचलण्याच्या त्या कलेची राणी होती मलेशियातल्या पेनांगची निकोल डेव्हिड. २००६ ते २०१५ अशी सलग नऊ वर्षं ती जगात पहिली होती. डिसेंबर २०१४ मध्ये कैरोतल्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत इजिप्तची रनीम एल वेलिली चौथ्या गेममध्ये १०-६ अशी पुढे होती, चार मॅच पॉइंट हातात. निकोलनं चारही वाचवले, तो गेम १४-१२ नं घेतला आणि पाचवाही जिंकला. तिचं ते आठवं जागतिक विजेतेपद.

सप्टेंबर २०१५ मध्ये रनीमनं निकोलचा पहिला क्रमांक घेतला. त्याच महिन्यात टिनही उतरला. कथा म्हणून हे फारच सोयीचं आहे, पण क्रमवारी मागच्या निकालांवरून ठरते. रनीमनं तो क्रमांक १९ इंची टिनवरच कमावला होता. निकोलही बत्तिशीत पोचली होती. माझ्या मते पत्र्यानं तिला खाली ओढलं नाही, तिचा परतीचा रस्ता मात्र त्यानं अडवला.

या बदलाचं पीक पुरतं पिकलेलं पाहायचं असेल, तर २०१८-१९ चा हंगाम घ्यावा. ऑगस्ट २०१८ मध्ये तो सुरू होत होता तेव्हाच जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत, सांघिक उपांत्य फेरीत, चेन्नईच्या जोश्ना चिनप्पानं निकोलला हरवलं. नोव्हेंबरात रनीम पुन्हा जगात पहिली झाली. जागतिक अजिंक्यपद ठरलं शिकागोला, तेही युनियन स्टेशनात! चालू रेल्वे स्थानकाच्या भव्य दालनात काचेचं कोर्ट उभारलं गेलं. ही कोर्टं सुटी करून नेता येतात: न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात, गिझाच्या पिरॅमिडांसमोर. आत लख्ख उजेड आणि बाहेर अंधार, त्यामुळे प्रेक्षकांना सगळं दिसतं, खेळाडूंना बाहेरचं फारसं काही नाही. चेंडूही तिथे काळा चालत नाही, पांढरा लागतो.

शिकागोचं बक्षीस होतं एकूण दहा लाख डॉलर. स्क्वॉशच्या एका स्पर्धेत एवढा पैसा तोवर कधी आला नव्हता, आणि तो पुरुष आणि बायका यांच्यात अर्धा अर्धा. २ मार्च २०१९ ला दोन्ही अंतिम सामने झाले. बायकांमध्ये नूर एल शेर्बिनीनं नूर एल तय्यबला हरवलं. पुरुषांमध्ये अली फरागनं तारेक मोमेनला. आता नाती पाहा. तय्यब ही फरागची बायको, आणि मोमेन हा रनीमचा नवरा. फराग दांपत्यानं २०१७ ची यूएस ओपन फिलाडेल्फियात एकाच दिवशी जिंकली होती. शिकागोतही ते जमायला फक्त तय्यबचा विजय हवा होता.

अंतिम सामने खेळलेल्या चौघांपैकी कोणीही इजिप्तबाहेरचं नाही. याचं एक कारण १९९६ मध्ये सापडतं. त्या साली पिरॅमिडांसमोर पहिली स्पर्धा झाली आणि अहमद बराडा नावाचा कोवळा स्थानिक पोरगा अंतिम फेरीत पाकिस्तानच्या जगज्जेत्या जान्शेर खानपर्यंत पोचला. हरला, पण देशभरातली मुलं रॅकेट मागू लागली. दुसरं कारण कैरो आणि अलेक्झांड्रियातले क्लब. तिथे दहा वर्षांची मुलगी जगज्जेतीला शेजारच्या कोर्टावर रोज पाहते. रनीम आणि शेर्बिनी दोघी अलेक्झांड्रियाच्या.

त्याच हंगामात, मे २०१९ मध्ये ब्रिटिश ओपन झाली. २१ वर्षांच्या नूरान गोहरनं फ्रान्सच्या कामी सेर्मला हरवून ती जिंकली. (याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या हेदर मकायनं १९६२ ते १९७७ अशी सलग १६ विजेतेपदं मिळवली होती. हे वाक्य मीही दोनदा वाचलं.) हंगाम संपताना निकोल डेव्हिड निवृत्त झाली.

आपल्याकडेही हालचाल आहे. गोव्याची आकांक्षा साळुंखे व्यावसायिक स्पर्धा खेळते. मार्च २०२५ मध्ये बॉम्बे जिमखान्यात झालेली इंडियन ओपन दिल्लीच्या अनाहत सिंगनं जिंकली. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश घ्यायचं, हे मतदान झालं तेही मुंबईत, १६ ऑक्टोबर २०२३ ला. त्याच ठरावात क्रिकेट होतं, तेव्हा आपल्याकडे स्क्वॉशची बातमी झाकोळली जाणं ओघानंच आलं.

२०२५ मध्ये, पुन्हा शिकागोतच, शेर्बिनीनं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. तिचं आठवं. निकोलची बरोबरी झाली आणि थोर कोण याचा वाद पेटला. तो मिटणं अवघड आहे, कारण निकोलची आठही विजेतेपदं २००५ ते २०१४ मधली, म्हणजे १९ इंची टिनवरची, आणि शेर्बिनीची २०१६ पासूनची, सगळी १७ इंचांवरची. माझं मत विचाराल तर शेर्बिनी अर्ध्या पावलानं पुढे. तिच्या पिढीत तिला पाडू शकणाऱ्या चार-पाच जणी तिच्याच देशात होत्या.