मराठी ज्यूंची पाठशाळा : कीर्तनापासून मोबाइलपर्यंत

भंडारा जिल्ह्यात प्रौढशिक्षण म्हटले की सरकारी साक्षरता वर्ग आठवतात. पण मोठ्या माणसांनी एकत्र बसून शिकण्याची त्याहून जुनी रीत इथे आहे. श्रावणात पोथी लागते. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता भजनमंडळांत अध्यायाअध्यायाने वाचली जाते. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर विहारांत वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन रूढ झाले. रोवणी आटोपलेली असते, संध्याकाळी माणसे जमतात. एक जण वाचतो, दुसरा अडवतो, तिसरा आपल्या परीने अर्थ सांगतो. कुणी परीक्षा घेत नाही, प्रमाणपत्रही देत नाही.

ज्यू समाजाचे शिक्षण जगभर याच पायावर उभे आहे. तोराचे, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचे, आठवड्याला एक भाग याप्रमाणे वर्षभर वाचन होते. ज्या दिवशी ते संपते त्याच दिवशी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होते. तालमूद हा कायद्याचा, कथांचा आणि वादविवादाचा महाग्रंथ दोघांनी जोडीने वाचायचा, मोठ्याने वाचायचा आणि एकमेकांना प्रश्न विचारायचे, असा संकेत आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे सारे मोबाइलवर आले. त्यामुळे साकोलीच्या शिक्षिकेला किंवा तुमसरच्या निवृत्त कारकुनाला ज्यू इतिहास आणि विचार शिकायचा असेल, तर मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. हा आढावा अशाच वाचकांसाठी आहे. मात्र मराठी माणसासाठी ही गोष्ट परदेशात सुरू होत नाही. ती अलिबागजवळ सुरू होते.

बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, यांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचा वंश कोकणात वाढला. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. किहिमकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच आली. शतकांच्या ओघात हिब्रू विसरली गेली. सुंता, शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना मात्र टिकली. १७९६मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले. एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेले ज्यू शिक्षक आणि मुंबईतले मिशनरी या दोघांकडून हा समाज नव्याने शिकू लागला. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. मिशनऱ्यांना धर्मांतर हवे होते. बेने इस्राएलांनी त्यांच्याकडून व्याकरण घेतले, बायबलचे मराठी भाषांतर घेतले, आणि आपला धर्म अधिक पक्का केला. या समाजाच्या शहाणपणाचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढची साठ-सत्तर वर्षे म्हणजे प्रौढांची एक मोठी मराठी पाठशाळाच होती. १८४६मध्ये मुंबईत हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर असलेला हगादा छापला गेला. पेसाह सणाच्या रात्री घरात वाचायचे हे पुस्तक. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटकेची कथा त्यात आहे. १८७४मध्ये पुण्यात दुसरा सचित्र हगादा शिळाछापावर निघाला. त्याची चित्रे आज कुणालाही मोबाइलवर पाहता येतात, आणि ती सावकाश पाहावीत. साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकर, करत आहेत. बसण्याची ढब, हातांची ठेवण सगळी आपल्या स्वयंपाकघरातली. युरोपातल्या हगाद्यांत याच प्रसंगात युरोपीय पोशाखातली माणसे दिसतात. तीन हजार वर्षांपूर्वीची कथा पुण्याच्या छापखान्यात आपल्या घरची कशी झाली, हे त्या चित्रावरून जेवढे कळते तेवढे कुठल्याही व्याख्यानातून कळणार नाही.

जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे या पाठशाळेचे मोठे गुरुजी. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही. प्रार्थना आणि धर्मविधींची वीसेक हिब्रू पुस्तके त्यांनी मराठीत आणली. हाईम सॅम्युएल किहिमकर आणि त्यांच्या भावांनी शिक्षणप्रसारासाठी संस्था काढली; १८७५मध्ये तिच्यातून मुंबईची इस्राएली शाळा उभी राहिली. किहिमकरांनी १८९७मध्ये लिहून ठेवलेला आपल्या समाजाचा इतिहास चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवमध्ये छापला गेला.

आणि कीर्तन! १८८०च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएल मंडळींनी कीर्तन हे धर्मशिक्षणाचे साधन म्हणून हाती घेतले. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, आर्या हे सगळे तेच. आख्यान मात्र अब्राहामाचे किंवा योसेफाचे. ज्यांना हिब्रू येत नव्हती आणि वाचायचीही सवय नव्हती, त्या बायापुरुषांपर्यंत धर्मकथा या वाटेने पोचली. गाडगेबाबांच्या कीर्तनातून विदर्भाने स्वच्छता, शिक्षण आणि कर्जमुक्ती शिकली. म्हणून कीर्तनाला शाळा म्हणणे भंडाऱ्याच्या वाचकाला जड जाणार नाही. ॲना शुल्ट्झ यांच्यासारख्या अमेरिकी संगीत-अभ्यासकांनी या ज्यू कीर्तनांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. आपल्याकडे त्यांची आठवण फार थोड्यांना आहे.

युरोपातही प्रौढांच्या ज्यू शाळेचा एक प्रयोग गाजला. तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांनी १९२०मध्ये फ्रँकफुर्टला ‘लेअरहाउस’ सुरू केले. धर्मापासून दुरावलेल्या डॉक्टर-वकिलांना तिथे पुन्हा ग्रंथांपर्यंत आणायचे होते. आपापल्या आयुष्यातले प्रश्न घेऊन यावे आणि ग्रंथाकडे जावे, ही त्यांची दिशा. पुढे ते बंद पडले. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३मध्ये तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी ते पुन्हा उघडले आणि १९३८पर्यंत ते चालले. ज्या काळात ज्यू मुलांना शाळांतून काढले जात होते, त्या काळात मोठी माणसे संध्याकाळी येऊन आपला इतिहास शिकत होती.

आता ऑनलाइनकडे वळू. सर्वांत भक्कम साधन ‘सेफारिया’. २०११मध्ये स्थापन झालेले हे विनामूल्य ग्रंथालय आहे. तालमूदच्या छापील पानावर मधोमध मूळ पाठ, एका बाजूला अकराव्या शतकातल्या राशी या पंडिताचे भाष्य आणि दुसऱ्या बाजूला त्यानंतरच्या पंडितांची ‘तोसाफोत’ ही टिपणे अशी रचना असते. सेफारियावर एखाद्या ओळीवर बोट ठेवले की तिच्यावरची भाष्ये, तिच्याशी जुळणारी बायबलमधली वचने आणि पुढचे कायदेग्रंथ बाजूला उघडतात. ज्ञानेश्वरी सटीप वाचणाऱ्याला हे सुख लगेच कळेल.

‘दाफ योमी’, म्हणजे रोज तालमूदचे एक पान, ही प्रथा रब्बी मेइर शापिरो यांनी १९२३मध्ये मांडली. २,७११ पाने, साडेसात वर्षे. चौदावी फेरी ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली आणि थोड्याच आठवड्यांत करोना आला. सिनेगॉग बंद पडली, वर्ग झूमवर गेले आणि दूरची माणसे त्यांत शिरली. मिशेल फार्बर यांच्यासारख्या स्त्रिया रोजचा पाठ ऑनलाइन देतात. ज्या अभ्यासापासून स्त्रियांना शतकानुशतके दूर ठेवले गेले, तो त्यांनी मोबाइलच्या आधाराने आपलासा केला. करोनाच्या तोंडावर तेरावी फेरी संपल्याचा सोहळा जेरुसलेममध्ये हजारो स्त्रियांनी स्वतंत्रपणे साजरा केला.

याखेरीज न्यूयॉर्कची यिवो संस्था (स्थापना विल्ना, १९२५) यिद्दिश भाषा आणि पूर्व युरोपच्या ज्यू इतिहासाचे वर्ग ऑनलाइन घेते. जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था आणि तेल अवीव विद्यापीठ यांचे होलोकॉस्टवरचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूसंहारावरचे, अभ्यासक्रम आहेत. थेट वर्गाला बसायचे तर घड्याळ पाहावे लागते. न्यूयॉर्कला हिवाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. इस्राएलचे वर्ग सोयीचे, कारण अंतर अडीच ते साडेतीन तासांचेच.

माझी तक्रार वेगळी आहे. हे जवळजवळ सारे शिक्षण इंग्रजीत किंवा हिब्रूत आहे, आणि त्याचा कल युरोपकडे आहे. कोकणातल्या ज्यूंच्या वाट्याला एखादे व्याख्यान येते. मराठीत आपण ज्यू समाजाला ओळखतो तेही प्रामुख्याने युद्ध आणि संहारातून. पालकरांचे ‘इस्रायल : छळाकडून बळाकडे’, कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि ॲन फ्रँकची डायरी, एवढ्यावर बहुतेकांचे वाचन थांबते. ही पुस्तके महत्त्वाचीच आहेत. पण मध्ययुगातल्या मायमोनिडीस या ज्यू तत्त्वज्ञाने श्रद्धा आणि बुद्धी यांची सांगड कशी घातली, बूबरने माणसामाणसातल्या नात्याचा काय विचार केला, हे मराठी वाचकापर्यंत फारसे आलेले नाही.

भंडाऱ्याच्या वाचकाला या विचाराची ओढ वाटावी याचे जवळचे कारण आहे. १९५४मध्ये भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवरच्या आपल्या एका अपूर्ण ग्रंथाच्या शीर्षकात ‘घेट्टो’ हा शब्द वापरला. युरोपात ज्यूंना कोंडणाऱ्या वस्त्यांचे हे नाव त्यांनी आपल्याकडच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीला जाणीवपूर्वक दिले. घेट्टोतही तालमूदचा अभ्यास कसा चालू राहिला, हे पवनीच्या किंवा लाखांदूरच्या विहारात चर्चेला यावे असा विषय आहे.

आता करायचे काय? काहिराच्या जुन्या सिनेगॉगमधल्या गेनिझात, म्हणजे जुन्या कागदांच्या कोठीत, लाखो चिटोरे सापडले. सॉलोमन शेक्टर यांनी १८९६-९७मध्ये त्यांतला मोठा साठा केंब्रिजला नेला. २०१७पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पुढाकाराने सामान्य स्वयंसेवक घरबसल्या संगणकावर त्यांची वर्गवारी करू लागले आणि पुढे त्यांचे अक्षर न् अक्षर ओळखू लागले. शिकता शिकता संशोधनाला हातभार लागतो. आपल्या बेने इस्राएलांचे मराठी हगादे, प्रार्थनापुस्तके, कीर्तनाच्या संहिता आणि नियतकालिके यांसाठी असाच उपक्रम हवा. शिळाछापावरचे जुने देवनागरी वाचायला हिब्रू लागत नाही. ते वाचणारी माणसे जगात कुठे असतील तर ती महाराष्ट्रात आणि इस्राएलमधल्या मराठी घरांत. तिथे हजारो बेने इस्राएल कुटुंबे आहेत, त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले आहे. भारतात मात्र हा समाज चार-पाच हजारांवर आला. महाराष्ट्र सरकारने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. छापील वारशाचे मराठीतून जतन हे त्यापुढचे काम आहे.

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले आणि शब्द, गाणी, दंडारी गोळा केल्या. झाडीबोलीसाठी काम करणाऱ्या मंडळींना बोलीचा कान आहे. बेने इस्राएलांच्या घरगुती मराठीचे ध्वनिमुद्रण ऐकून ते लिहून काढायला याहून योग्य माणसे कोण? जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवावी. पडद्यावर पुण्याच्या हगाद्याचे एक पान, बाजूला सेफारियावरचा मूळ पाठ, आणि शक्य झाल्यास पलीकडून इस्राएलमधल्या अशदोद किंवा लोद इथली एखादी मराठी आजी. पहिल्या संध्याकाळसाठी मात्झाच्या चित्राचे ते पान घ्यावे. त्याखालच्या मराठी ओळी वाचायला भंडाऱ्यात कुणालाही अडचण पडणार नाही.