स्टंप म्हणजे विकेट नव्हे

भिंतीवर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा, ही आमच्या गल्लीची विकेट. चेंडू मधल्या रेघेला लागला की शेजारून गेला, यावर अर्धी संध्याकाळ भांडणात जायची. त्या भिंतीने एक समज मात्र डोक्यात पक्का बसवला: चेंडू स्टंपला लागला की आउट. तसं नसतं.

स्टंप म्हणजे यष्टी, एकच दांडी. तीन यष्ट्या आणि त्यांच्या डोक्यावरच्या दोन बेल्स मिळून विकेट होते. रुंदी ९ इंच, उंची २८ इंच. फलंदाज असा बाद व्हायला ही विकेट मोडावी लागते. म्हणजे एक तरी बेल पूर्ण निघायला हवी, नाहीतर एखादी यष्टी जमिनीतून उखडायला हवी. बेल थरथरून पुन्हा खाचेत बसली, तर नाबाद. पण तीच बेल पडता पडता दोन यष्ट्यांमध्ये अडकून राहिली, जमिनीला टेकलीच नाही, तरी बाद! २०१९च्या विश्वचषकात ओव्हलवर बुमराचा चेंडू वॉर्नरच्या बॅटची कड घेऊन यष्टीवर आदळला, बेल्स जागच्या जागी. वॉर्नरने ५६ केल्या.

‘त्रिफळा उडाला’ म्हणजे तिन्ही यष्ट्या उडाल्या, असंही नाही. एका बेलवर भागतं. उलट धावचीत होताना तिन्ही लोळल्या तरी तो त्रिफळा नव्हे. मुळात यष्ट्या दोनच असायच्या. १७७५मध्ये लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर लम्पी स्टीव्हन्सचे चेंडू जॉन स्मॉलला चकवून दोन यष्ट्यांच्या मधून आरपार गेले, तेही तीनदा, आणि स्मॉल आपला उभाच. मग मधली यष्टी आली.

‘विकेट पाटा आहे’ म्हणतो तेव्हा यष्ट्यांचा संबंधच नसतो. ती खेळपट्टी, २२ यार्ड लांब, १० फूट रुंद. (पाटा-वरवंटा पाहिलेल्याला ‘पाटा’ समजावून सांगायला नको.) ‘विकेट गेली’ ही आणखी तिसरीच. इंग्रजी एका शब्दावर भागवते. मराठीने इथे दोन ठेवले, गडी आणि बळी, आणि तेही एक नव्हेत. धावचीत झाला की संघाचा गडी जातो, पण गोलंदाजाच्या खात्यात बळी लागत नाही.