पकड बदलावी, नेम सोडू नये

दिवेलागणीच्या आधी ओसरीवर कॅरमचा डाव मांडला जातो. नातवंडे सोंगट्या लावतात आणि आजोबांना हाक मारतात. काल-परवापर्यंत राणी हमखास घेणारे आजोबा आज मात्र म्हणतात, "तुम्हीच खेळा रे, माझे डोळे दुखतात." डोळ्यांना काही झालेले नसते. स्ट्रायकरवर बोट ठेवले की ते थरथरते, नेम चुकतो आणि समोरचे पोर नकळत हसते, हे त्यांना सहन होत नाही. असेच एखाद्या आजी लग्नघरी चहा नको म्हणतात, कारण बशीत कप वाजतो. एखादे निवृत्त शिक्षक बँकेत जायचे टाळतात, कारण सही जुळत नाही. नांदेड असो, लातूर असो, की उदगीर-देगलूरकडचे एखादे खेडे असो, हाताने साथ सोडली की वृद्ध माणूस प्रथम वस्तू सोडतो आणि मग हळूहळू माणसांतून उठतो. या लेखाचा विषय वरवर पाहता हाताच्या पकडीचा आहे. खरा प्रश्न या माघारीचा आहे.

गोल्फच्या मैदानावरून एक धडा

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या रोजच्या पाहण्यात नसलेल्या एका खेळातून मिळते. गोल्फमध्ये चेंडू दूरवर टोलवणे हा अर्धाच खेळ. शेवटी हिरवळीवर येऊन, अवघ्या १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळगीत तो अलगद ढकलावा लागतो. या हलक्या फटक्याला 'पट' म्हणतात आणि त्यासाठीच्या काठीला 'पटर'. येथे ताकदीचे काम नसते, सगळी कसोटी हाताच्या स्थैर्याची असते. नेमक्या याच क्षणी काही नामांकित खेळाडूंच्या मनगटाला अनावर झटका बसतो आणि हातभर अंतरावरचा चेंडूही चुकतो. टॉमी आर्मर या जुन्या खेळाडूने रूढ केलेल्या शब्दात याला 'यिप्स' म्हणतात.

जर्मनीचे बर्नहार्ड लँगर या व्याधीने तरुणपणीच गाठले गेले. त्यांनी खेळ सोडला नाही, पकड बदलली. नेहमीच्या रीतीने उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा हात काठीवर खाली असतो. त्यांनी डावा हात खाली घेतला. पुढे तर डाव्या हाताने काठी बरीच खाली धरून, उजव्या हाताने काठी आणि डाव्या हाताचा कोपराखालचा भाग एकत्र आवळून धरण्याची विचित्र दिसणारी पद्धत त्यांनी अंगीकारली. त्यानंतर लांब दांड्याची काठी घेतली. १९८५ आणि १९९३ अशी दोनदा त्यांनी मानाची मास्टर्स स्पर्धा जिंकली. १९९१ च्या रायडर चषकात सुमारे सहा फुटांचा शेवटचा पट त्यांच्याकडून चुकला आणि त्यासोबत युरोपच्या हातून चषकही गेला. पण पुढच्याच आठवड्यात ते जर्मनीतील स्पर्धा जिंकले. २०१६ पासून काठीचे टोक छातीला टेकवून खेळण्यास नियमाने बंदी आली, तेव्हा त्यांनी हात छातीपासून दूर ठेवून तीच काठी चालवण्याचा सराव केला. २०२३ मध्ये वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांनी अमेरिकेची ज्येष्ठांची खुली स्पर्धा जिंकली. ज्येष्ठांच्या मालिकेतील तो त्यांचा सेहेचाळिसावा विजय होता आणि तो विक्रम ठरला.

पकड बदलल्याने काय होते?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी यिप्सचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले आहेत. पहिल्यात मेंदूतील हालचालींच्या आज्ञाच गुंतागुंतीच्या होतात. एकाच विशिष्ट कामाच्या वेळी परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आखडतात. आपल्याकडे लिहिताना बोटे आखडण्याचा जो विकार काही कारकुनांना आणि शिक्षकांना होतो, तो याच कुळातला. दुसऱ्या प्रकारात मूळ दोष मनावरील ताणाचा असतो. चार जण पाहत आहेत या जाणिवेने हात बिघडतो. बहुतेकांत या दोहोंचे कमीअधिक मिश्रण असते.

पकड बदलली की तीन गोष्टी साधतात. एक, जुन्या कामाची वर्षानुवर्षांची घडी मोडते आणि मेंदूला ते काम नव्याने शिकावे लागते. बिघडलेली जुनी वाट टळते. दोन, बोटे आणि मनगट या लहान, चंचल सांध्यांकडचे काम कोपर आणि खांदा या मोठ्या, स्थिर सांध्यांकडे जाते. तीन, हाताला आधार मिळतो, त्यामुळे वस्तू घट्ट आवळण्याची गरज उरत नाही. हा तिसरा मुद्दा ज्येष्ठांनी विशेष ध्यानात घ्यावा. हात थरथरला की आपण वस्तू अधिक आवळतो, आणि जितके आवळावे तितका हात अधिक थरथरतो. नेमाचा शत्रू बहुधा सैल हात नसतो. आवळलेला हात असतो.

आधी कंपाचे कारण ओळखावे

प्रत्येक थरथर एकच नव्हे, आणि पकड बदलणे हा आधार आहे, उपचार नव्हे. म्हणून प्रथम निदान करून घ्यावे.

कप उचलताना, लिहिताना किंवा हात पुढे धरल्यावर दोन्ही हात कापत असतील, आणि आईवडिलांपैकी कोणाला तसा त्रास असेल, तर तो पुष्कळदा वयपरत्वे वाढणारा कंप असतो. मान किंवा आवाजही त्यात कापू शकतो. याउलट, हात मांडीवर स्वस्थ असताना एका बाजूने कंप सुरू होणे, हालचाली मंदावणे, अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे ही कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन विकाराची लक्षणे असू शकतात. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले, पण 'कंपवात' हे नाव आयुर्वेदाला त्याच्या फार आधीपासून ठाऊक आहे. थायरॉइडचा अतिरेक, रक्तातील साखर उतरणे, दम्याची किंवा फिटची काही औषधे आणि चहा-कॉफीचा अतिरेक यांनीही हात कापतो. अंगठ्याच्या मुळाशी झिजलेला सांधा असेल, तर कंप नसतानाही पकड सुटते. मधुमेहात बोटे ताठरतात, आणि मनगटातील नस दाबली गेल्यास मुंग्या येऊन वस्तू निसटतात.

नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात औषधवैद्यक विभागात प्रथम दाखवावे. सोबत चालू औषधांच्या सर्व चिठ्ठ्या आणि सहीचे जुने व नवे नमुने न्यावेत. अक्षरातील बदल डॉक्टरांना पुष्कळ सांगून जातो. खाजकुहिलीच्या बियांत पार्किन्सनवरील औषधाचाच, म्हणजे लेव्होडोपाचा, अंश असतो. म्हणूनच तिचे चूर्ण कोणाच्या सांगण्यावरून स्वतःहून घेऊ नये, विशेषतः डॉक्टरांची गोळी सुरू असताना. आणि एकाएकी एका हाताची शक्ती गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पकडीचा प्रश्न नव्हे. तो पक्षाघात असू शकतो. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कॅरमपासून काठीपर्यंत

निदान झाल्यावर पकडीचे प्रयोग घरीच करता येतात. आरंभ कॅरमपासून करावा, कारण तेथे चुकले तरी काही सांडत नाही. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅम वजनाचा असतो. त्याला ताकद लागत नाही. तर्जनी अंगठ्याने अडवून टिचकी मारण्याची सवय असेल आणि ती कापत असेल, तर तर्जनी मधल्या बोटामागे अडकवून कात्रीसारखी सोडून पाहावी, किंवा केवळ मधल्या बोटाने सरळ ढकलावे. उरलेली बोटे पाटावर टेकवावीत. स्पर्धेचे नियम ओसरीवर लागू नाहीत. मनगट पाटाच्या कडेवर विसावले तरी कोणी हरकत घेऊ नये. श्वास सोडता सोडता टिचकी मारावी. प्रथम भोकाजवळच्या सोंगट्या घ्याव्यात आणि मग अंतर वाढवावे.

लिहिताना जाड पेन घ्यावे, किंवा साध्या पेनावर रबरी नळी वा कापडी पट्टी गुंडाळावी. पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरून पाहावे. लेखणी आखडणाऱ्या अनेकांना ही पकड सोयीची वाटते. कोपर आणि पंजा मेजावर टेकलेले असावेत, अक्षर मोठे काढावे आणि लिहिण्याची हालचाल खांद्यातून यावी.

चहासाठी बशी बाजूला ठेवावी. दोन्ही हातांत मावेल असा, मोठ्या कानाचा मग अर्धाच भरावा आणि कोपरे अंगाजवळ किंवा मेजावर ठेवून तो ओठांशी आणावा. चमच्याची, झाऱ्याची, सुरीची मूठ जाड करावी. काहींना किंचित जड भांडे स्थिर वाटते, काहींचा हात त्याने थकतो. स्वतःच्या अनुभवावरून ठरवावे. पाण्याचा तांब्या गळ्याशी बोटांनी न धरता एक तळहात बुडाशी आणि दुसरा बाजूला द्यावा. भाकरी हातावर थापणे जड जात असेल, तर परातीत थापावी. त्यात कमीपणा नाही.

काठीची पकड तर सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ जण दुखऱ्या गुडघ्याच्याच बाजूला काठी धरतात. ती विरुद्ध हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी. त्याने त्या पायावरचा भार हलका होतो. हात सैल सोडून ताठ उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी आणि धरताना कोपर किंचित वाकावे. टोकाचे रबर झिजले की बदलावे. गोल वाकड्या मुठीपेक्षा तळहात पूर्ण टेकेल अशी रुंद मूठ सांधेदुखीच्या हाताला मानवते.

नवी पकड पहिल्या दिवशी जुन्यापेक्षाही वाईट वाटते. लँगर यांनाही ती मैदानात उतरण्यापूर्वी घटवावी लागली होती. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे, एकांतात आणि थकवा नसताना सराव करावा. दोन-तीन आठवड्यांनीही सोय वाटली नाही, तर दुसरी पकड पाहावी. सोबत टॉवेल पिळणे, मऊ चेंडू दाबणे असे हलके व्यायाम करावेत. सांधा सुजलेला असेल तर मात्र नाही. मुठीची ताकद ही एकूण प्रकृतीची खूण आहे. भारतासह १७ देशांतील सुमारे १,४०,००० प्रौढांच्या, २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमजोर मूठ आणि मृत्यूचा वाढता धोका यांचा संबंध दिसला होता. चेंडू दाबल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नव्हे. मूठ झपाट्याने कमजोर होत असेल तर आहाराकडे, हालचालीकडे आणि तपासणीकडे लक्ष द्यावे, एवढा आहे.

सहीचा प्रश्न

हात सुधारला तरी सही जुळेलच असे नाही. निवृत्तिवेतनधारकांनी त्यासाठी संकोच बाळगू नये. बँकेत जाऊन सहीचा नवा नमुना देता येतो. वार्धक्यामुळे वा आजारामुळे सही करताच येत नसेल, तर अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या परिचयाच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी, तो ओळखावा अशी रिझर्व्ह बँकेची तरतूद आहे. हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आहे आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. आयुष्यभर फळ्यावर सुवाच्य अक्षर लिहिलेल्या माणसाला अंगठा उठवणे बोचते, हे घरच्यांनी समजून घ्यावे. हा निरक्षरतेचा अंगठा नव्हे, हे शब्दांत सांगावे.

सोबत करणाऱ्यांसाठी

हात कापताना पाहून घास भरवण्याची घाई करू नये. मदत विचारून द्यावी आणि विचारल्यावर थोडे थांबावे. "सांभाळा हं, सांडेल" हे वाक्य शक्यतो टाळावे. ज्याच्या कंपात ताणाचा वाटा आहे, त्याचा हात त्या एका वाक्याने अधिक कापतो. पाहुण्यांसमोर मग आधीच अर्धा भरून ठेवावा. निदान पार्किन्सनचे असेल, तर समदुःखी कुटुंबांशी बोलावे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांनी अशा शुभार्थींना आणि त्यांच्या कुटुंबीयांना पुष्कळ धीर दिला आहे.

आणि आज सायंकाळी कॅरम मांडाल तेव्हा आजोबांचे "डोळे दुखतात" हे उत्तर तेवढ्यावर मान्य करू नका. त्यांच्यासाठी पाटाखाली योग्य उंचीचे मेज ठेवा, मनगटाला पाटाच्या कडेचा आधार घेऊ द्या आणि नातवाला सांगा, "आज आपण सगळेच मधल्या बोटाने खेळू." सर्वांचीच पकड नवी असली की सर्वांचाच नेम चुकेल. त्या हसण्यात आजोबाही मोकळेपणाने सामील होतील, आणि राणी कोणी घेतली याला फारसे महत्त्व उरणार नाही.