पेशींच्या परांचीवरचा मुलामा

ऊती-अभियांत्रिकीतला स्कॅफोल्ड म्हणजे पेशींसाठी बांधलेली परांची. तिच्या छिद्रांत पेशी वस्ती करतात, नवी ऊती तयार होते आणि परांची शरीरातच हळूहळू विरून जाते. ती धाग्यांची असेल, तर धागा काढण्याची एक रीत उल्हासनगरला जुनीच आहे. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये सेल्युलोजचे दाट द्रावण बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडले, की त्याचा धागा होतो. प्रयोगशाळेत याच तत्त्वाने अल्जिनेट किंवा कायटोसानचे धागे काढतात.

परांचीसाठी वापरली जाणारी पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारखी बहुवारिके (पॉलिमर) टिकाऊ असतात, पण पाणी त्यांच्यावर पसरत नाही आणि पेशींना धरायला जागा मिळत नाही. अख्खे बहुवारिक बदलले, तर ताकद आणि विरण्याचा वेग दोन्ही बदलतात. म्हणून गाभा तसाच ठेवून पृष्ठभाग तेवढा बदलतात. उल्हासनगरात शिवल्या जाणाऱ्या जीन्सचे सूत असेच असते: नीळ बाहेरच्या थरात, आत पांढरे. म्हणून तर गुडघ्यावर घासलेली जीन्स पांढरी पडते.

मुलामा देण्याची सर्वांत सोपी रीत बुडवण्याची. मात्र द्रावण वाळताना छिद्रांच्या तोंडाशी पडदा धरते आणि पेशींची वाटच बंद होते. काही द्रावक तर परांचीच विरघळवतात. 2007 मध्ये अमेरिकी संशोधकांनी खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांवरून वेगळा मार्ग काढला. डोपामाइनच्या सौम्य अल्कधर्मी पाण्यात वस्तू दिवसभर ठेवली, की तिच्यावर सुमारे 50 नॅनोमीटरचा थर बसतो. माणसाचा केस त्याच्या हजारपटीहून जाड असतो.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये कॅरेन ग्लीसन यांच्या गटाने विकसित केलेल्या रीतीत द्रावक लागतच नाही. निर्वात कक्षात मोनोमर (बहुवारिकाचे सुटे रेणू) आणि साखळी सुरू करणारा प्रारंभक यांची वाफ सोडतात. कक्षातल्या तापलेल्या तारांजवळ प्रारंभकाचे रेणू तुटतात आणि थंड ठेवलेल्या पृष्ठभागावर बहुवारिकाची साखळी वाढते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन सुमारे 60 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे हा थंडपणा महत्त्वाचा. वाफ छिद्रांत शिरत असल्याने आतल्या भिंतींवरही थर बसतो आणि वाट मोकळी राहते.

थर कोणता द्यायचा, हे कामावर ठरते. थरात अमाइन किंवा आम्ल गट असले, तर त्यांना पेशी ओळखतील असे पेप्टाइड जोडता येतात. पॉलि-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइडचा थर सुमारे 32 अंशांखाली पाणी शोषून फुगतो आणि पेशींचा अख्खा पापुद्रा अलगद सोडतो. पाण्यात मुलामाच सुटू नये, म्हणून साखळ्या एकमेकींशी जोडून थर पक्का करतात.