गोड साके: साखर न घालता गोडी कुठून येते?

साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेले जपानी मद्य. त्यातला 'किजोशु' हा प्रकार दाट आणि गोड असतो. जेवणानंतर गोड पदार्थाच्या जागी किंवा त्याच्या जोडीला थोडासा घेतात. त्याची गोडी वरून घातलेल्या साखरेची नसते. मग ती कुठून येते, ते या पाठात पाहू.

१. एकाच टाकीत दोन अभिक्रिया

द्राक्षात साखर आयतीच असते, तांदळात मात्र स्टार्च असतो. साकेच्या यीस्टला स्टार्च थेट वापरता येत नाही. म्हणून वाफवलेल्या तांदळाच्या काही भागावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवतात; हा झाला 'कोजी'. कोजीतील एन्झाइम स्टार्चपासून ग्लुकोज बनवतात. त्याच टाकीत, त्याच वेळी यीस्ट ग्लुकोजचे अल्कोहोल करते. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, असे समजा. शेवटी किती ग्लुकोज उरेल, हे या दोन वेगांवर ठरते.

२. पाण्याऐवजी साके

तांदूळ, कोजी आणि पाणी टाकीत सहसा तीन टप्प्यांत घालतात. किजोशु करताना शेवटच्या टप्प्यातील पाण्याच्या काही भागाऐवजी तयार साके घालतात. त्यामुळे अल्कोहोल लवकर वाढते आणि यीस्ट मंदावते. एन्झाइमचे काम मात्र चालूच राहते, म्हणून ग्लुकोज साचते.

ही पद्धत १९७३ मध्ये जपानच्या सरकारी मद्यनिर्मिती संशोधन संस्थेत विकसित झाली. मूळ कल्पना मात्र जुनी आहे: पाण्याऐवजी साके वापरण्याची रीत इ.स. ९२७ च्या 'एंगिशिकी' या ग्रंथात आढळते.

३. गोडी कशी मोजतात?

साकेच्या बाटलीवर बऱ्याचदा 'निहोनशुदो' हा अंक असतो.

निहोनशुदो = १४४३ × (१ ÷ सापेक्ष घनता − १)

सापेक्ष घनता १.०३ असेल, तर उत्तर सुमारे −४२ येते. अंक जितका ऋण, तितके साके सहसा गोड. पण हे माप घनतेचे आहे, साखरेचे नव्हे. साखर घनता वाढवते, अल्कोहोल ती कमी करते. शिवाय आम्लता जास्त असेल, तर तीच साखर जिभेला कमी जाणवते.

४. आस्वाद

किजोशु थंड करून लहान पेल्यात देतात. खारट ब्लू चीजबरोबर त्याची गोडी खुलते. व्हॅनिला आइस्क्रीमवरही ते ओततात. अनेक वर्षे मुरवल्यास साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातील मेयार्ड अभिक्रियेमुळे रंग तपकिरी होतो आणि चवीत कॅरॅमलची छटा येते.

५. गोड म्हणजे सौम्य नव्हे

इथेच अनेकांची फसगत होते. गोडी अल्कोहोलचा तिखटपणा झाकते, त्याचे प्रमाण कमी करत नाही. १६ टक्के अल्कोहोल असलेल्या १०० मिली किजोशुत १६ मिली अल्कोहोल असते. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्येही जवळजवळ तेवढेच, म्हणजे १६.५ मिली असते. म्हणून पेला लहान. मद्यपानाचे किमान कायदेशीर वय आपल्याकडे राज्यागणिक बदलते आणि काही राज्यांत दारूबंदी आहे, हेही लक्षात ठेवावे.

सराव

१. सापेक्ष घनता १.०२ असल्यास निहोनशुदो किती?
२. शेवटच्या टप्प्याऐवजी पहिल्याच टप्प्यात साके घातले, तर यीस्टच्या वाढीवर काय परिणाम होईल?