घरचा भात, दुकानातली पिठी

खोपोलीकडच्या कारखान्यांतून घरी यायला आपल्याला आठ वाजतात. पोरं भुकेली, मग नूडल्सचा पुडा येतो. आमच्याही घरी यायचा. त्याच्या मसाल्यात मीठ फार. मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आतच मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भात तर आपल्याकडे घरचाच. दुकानातून फक्त कुळथाचं पीठ आणायचं. चौघांना अर्धी वाटी पीठ दोन वाट्या गार पाण्यात कालवा. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलंत तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. तेलात ठेचलेला लसूण, मिरची, हळद परता. तीन वाट्या पाणी, मीठ, दोन आमसुलं घाला. उकळी आली की कालवलेलं पीठ ओता, दहा मिनिटं ढवळत शिजवा. तोवर दुसऱ्या शेगडीवर भात होतो.

पुड्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक आणि तारीख बघा. सुट्टं पीठ कुबट लागलं तर दुकानदाराला तिथंच परत द्या, भिडेखातर घेऊ नका.

पहिल्या दिवशी पोरं नाक मुरडतील. आमच्यांनी मुरडलं होतं. सोबत भाजलेला पापड दिला, मग खाल्लं.