अपॉइंटमेंट ११ची, नंबर साडेबाराला. दवाखान्यात वेळ जातो कुठे?

‘बसा, दोन पेशंटनंतर तुमचाच नंबर.’ हे ऐकून तासभर ताटकळला नाही, असा माणूस सापडणं कठीण. राग निघतो तो रिसेप्शनिस्टवर. पण घोळ बहुतेक वेळा तिच्या वहीत नसतो, वेळेच्या हिशेबात असतो.

समजा, प्रत्येकाला १० मिनिटं दिली. सर्दीचा पेशंट ४ मिनिटांत बाहेर येतो. पुढचा अजून आलेलाच नसेल, तर उरलेली ६ मिनिटं वाया जातात. नंतर छातीत दुखणारे आजोबा येतात; त्यांना २५ मिनिटं लागतात आणि लागायलाच हवीत. वाचलेला वेळ साठवता येत नाही, उशीर मात्र मागच्या प्रत्येकाच्या नावावर चढत जातो. त्यात ‘फक्त रिपोर्ट दाखवायचेत’ म्हणत मध्येच शिरणारे आणि नंबर लावून न येणारे. न येणारे गृहीत धरून एकाच वेळेला दोघांना बोलावलं जातं. नेमके त्या दिवशी दोघेही हजर!

कोडं जुनंच आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी वेल्च यांच्यासह १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्यावर लेख लिहिला. सूचना साधी होती: सुरुवातीला दोघांना बोलवा, मग एका तपासणीला सरासरी लागणाऱ्या वेळेच्या अंतराने एकेकाला. डॉक्टर रिकामे बसत नाहीत, बाहेर गर्दीही फार साचत नाही. अर्थात डॉक्टरच पाऊण तास उशिरा आले, तर कुठलंच गणित चालत नाही.

मग मोबाइलने काय बदललं? २०२२ पासून अनेक रुग्णालयांत ‘स्कॅन अँड शेअर’ सुरू झालं. क्यूआर कोड स्कॅन केला, की ‘आभा’मधली तुमची माहिती नोंदणी खिडकीवर पोहोचते आणि टोकन मोबाइलवर येतं. केसपेपरची रांग वाचते. डॉक्टरांच्या दारापुढची रांग तशीच राहते.

तुमच्या हातात काय? शक्यतो ओपीडीची पहिली वेळ मागा. तोवर उशीर साचलेला नसतो. घरातून निघताना ‘डॉक्टर आलेत का, कितवा नंबर चालू आहे?’ एवढं फोनवर विचारा. नवा त्रास आहे की फॉलोअप, हे नंबर लावतानाच सांगा. जमणार नसेल तर कळवा. आणि सोबतच्या नातवालाही ‘जरा बघून’ घ्यायचं असेल, तर नंबर दोन लावा.